सनदेच्या अर्जातले दोन रकाने

एलएलबीचा निकाल लागला की कॉलेजच्या ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला: 'वकिलीची सनद हातात यायला किती दिवस लागतात?' जणू रेशनकार्डच काढायचंय! गुणपत्रिका, फोटो, शपथपत्रं हे सगळं जमतं. जपून भरायचे ते नोकरीचा आणि पोलीस केसचा असे दोन रकाने.

आपला अर्ज शेवटी नोंदणी समितीपुढे जातो. 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टप्रमाणे राज्य बार कौन्सिलने, म्हणजे सनद देणाऱ्या वकिलांच्या संस्थेने, आपल्याच सदस्यांतून निवडलेले तिघे त्यात असतात. नकार द्यायचा असेल तर समितीला कारणांसह प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे पाठवावं लागतं आणि त्यांच्या मताप्रमाणेच निर्णय द्यावा लागतो. मात्र एकदा नकार झाला की त्याची कारणं इतर सगळ्या राज्यांच्या कौन्सिलना कळवली जातात. त्यामुळे 'इथे नाही तर गुजरातेत बघू' हा सल्ला कानाआड करा.

मी नोकरी सांभाळून तीन वर्षांचं एलएलबी केलं. नोकरीत असताना सनद मिळत नाही, म्हणून राजीनामा दिला, पण कंपनी रिलीव्हिंग लेटर देईना. एका मित्राने सुचवलं, 'लिही ना नोकरी नाही म्हणून, कोण बघतंय?' मी लेटर हातात येईपर्यंत अर्जच केला नाही. कारण महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून नाव नोंदवल्याचं सिद्ध झालं तर ते नाव नंतरही काढता येतं. म्हणजे पाच वर्षं प्रॅक्टिस जमवल्यावरसुद्धा.

आपल्याकडचा नियम तर फक्त नोकरीवर थांबत नाही. मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. हनीराज चुलानी यांना डॉक्टरकी चालू ठेवून सनद हवी होती. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने ती नाकारली आणि 1996 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो नकार कायम ठेवला. मला हा निकाल जरा कडकच वाटतो, पण अर्ज भरताना आपल्या वाटण्याला किंमत नाही.

पोलीस केसचं म्हणाल तर, कायदा अपात्र ठरवतो ते नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला, आणि तेही सुटकेनंतर दोन वर्षांपर्यंत. कॉलेजच्या मोर्चातली प्रलंबित केस म्हणजे शिक्षा नव्हे. विचारलंय तिथे ती लिहा, सोबत कागद जोडा. केसपेक्षा लपवालपवीच महागात पडते.

फीचं थोडक्यात: सुप्रीम कोर्टाच्या 30 जुलै 2024 च्या निकालानुसार कायद्यात लिहिलेलीच फी घेता येते, म्हणजे खुल्या वर्गाला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये, शिवाय स्टॅम्प ड्युटी.

सनद मिळाली की ऑल इंडिया बार एक्झामिनेशन. बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टीपा नसलेली कायद्यांची पुस्तकं, नेता येतात, पण कोणतं कलम कुठे आहे ते माहीत नसेल तर पुस्तक चाळण्यातच वेळ जातो.

पुढे कौन्सिलशी गाठ पडते ती शिस्तपालन समितीमार्फत. साठच्या दशकात मुंबईच्या फौजदारी कोर्टांच्या दाराशी काही वकील पक्षकार दिसला की धावत सुटायचे, ओढाताण करायचे, एकमेकांची फी पाडायचे. त्यांच्यातल्या दाभोलकर नावाच्या वकिलाच्या नावाने ओळखलं जाणारं ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. वकिलाने कामासाठी अशी गळ घालायला आजही बंदी आहे. तेव्हा सनदेसोबत फोटो टाका खुशाल. त्याखाली 'घटस्फोटासाठी संपर्क साधा' आणि मोबाइल नंबर मात्र टाकू नका.