फोटॉनिक्समध्ये डिझाइन इंजिनिअर व्हायचंय? आधी फायबर हातात घ्या

इलेक्ट्रॉनिक्स किंवा फिजिक्स करणारी मुलं हमखास विचारतात, दिवसभर सिम्युलेशनच करता का हो? नाही. सिम्युलेशन असतंच, पण मी नवी मुंबईत ज्या छोट्या कंपनीत ऑप्टिकल मॉड्यूल, म्हणजे लेझरचा प्रकाश फायबरमध्ये सोडणारे भाग, डिझाइन करतो तिथे आमचा खरा जीव जातो तो डीबी वाचवण्यात. डीबी म्हणजे डेसिबल, वाटेत प्रकाश किती कमी झाला ते मोजायचं माप.

तुमच्या सोसायटीत जीपॉनवर, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटून, इंटरनेट येतं ना, त्याचाच हिशोब मांडून बघा. जीपॉनच्या क्लास बी प्लस या प्रकारात वाटेत घालवायला हातात २८ डीबी. एकाचे बत्तीस करणारा स्प्लिटर त्यातले १७ च्या आसपास खातो, वर २० किलोमीटर फायबर १३१० नॅनोमीटरला धरलं तर अजून ७ गेले. उरले ४, त्यात कनेक्टर, स्प्लाइस (फायबरचे कायमचे जोड) आणि पुढच्या काही वर्षांचं जुनं होणं सगळं बसवायचं. हा हिशोब कागदावर न अडखळता करता आला की इंटरव्ह्यूला निम्मं काम झालं असं मी तरी म्हणेन.

उरलेलं काम मात्र मेकॅनिकलचं आहे आणि ते कॉलेजात कुणी सांगत नाही. सिंगल मोड फायबरचा कोअर, म्हणजे प्रकाश वाहणारा मधला भाग, जेमतेम ९ मायक्रॉनचा, लेझरचा प्रकाश त्यात नेमका पाडायचा, एक मायक्रॉन सरकला तर साधारण ०.१५ डीबी जातो आणि दोन सरकला तर दुप्पट नाही, चौपट जातो. अलाइनमेंट सुंदर जमलेलं असतं, पॉवर मीटरवर आकडा स्थिर असतो, यूव्ही लाइट मारता आणि ग्लू आकसतो, की आकडा डोळ्यांदेखत खाली. म्हणून ग्लूचा थर दोन्ही बाजूंना सारखा ठेवणं, होल्डरचा धातू तापल्यावर किती फुगतो हे बघणं, हे सगळं डिझाइनमध्येच धरावं लागतं, कारण बाहेर बसणारा माल उणे ४० ते ८५ डिग्रीत टिकवून दाखवायचा असतो. मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो.

सुरुवात कशी करायची तर एनपीटेलवर फायबर ऑप्टिक्सचे कोर्स फुकट आहेत, ते करा. पवईला आयआयटी आणि तिथल्याच आवारातली समीर ही सरकारी संशोधन संस्था, कुलाब्याला टीआयएफआर ही टाटा संशोधन संस्था, कुठे इंटर्नशिप निघते का बघत राहा. आणि कुठल्यातरी स्प्लाइसिंगवाल्या टीमबरोबर जमतील तेवढे दिवस फिरा, हे मी कळकळीने सांगतो. फायबर सोलायचं, पुसायचं, क्लीव्ह करायचं म्हणजे टोक सरळ कापायचं, ओटीडीआर या फायबर तपासायच्या यंत्राच्या ग्राफवर स्प्लाइस कुठला आणि कनेक्टर कुठला ते ओळखायचं. हिरवा एपीसी कनेक्टर निळ्या यूपीसीत कधी घालू नका, हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं.

क्लीव्ह केल्यावर पडलेले काचेचे तुकडे टेपला चिकटवून डब्यात टाका, बोटात घुसला तर सापडत नाही. आणि चालू फायबरच्या तोंडात कधीच बघायचं नाही, १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही.