सांधे पाठ करू नका, स्वतःच्या अंगावर शोधा

बाही कोपराच्या वर सरकवा आणि उजवा हात सरळ समोर धरा. आता डाव्या हाताची बोटं कोपराच्या मागच्या बाजूला ठेवा, आतल्या अंगाला हाडाचं एक टोक लागेल, बाहेरच्या अंगाला दुसरं, आणि मधोमध ते मोठं टोकदार हाड ज्यावर आपण टेबलाशी रेलतो. हात सरळ आहे तोवर ही तिन्ही टोकं एका रेषेत असतात. बोटं तशीच ठेवून हात हळूहळू वाकवा. मधलं टोक खाली सरकतं आणि काटकोनात आलात की तिघांचा त्रिकोण झालेला असतो.

कडेची दोन टोकं दंडाच्या हाडाची आहेत म्हणून ती जागची हलली नाहीत, मधलं टोक पुढच्या हातातल्या हाडाचं आहे म्हणून ते फिरलं. म्हणजे बिजागरीचा सांधा तुम्ही बोटाने बघितला. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि दरवर्षी मुलं बिजागरी, उखळी, सरकता असं धडाधड लिहून देतात, पण स्वतःच्या कोपरात काय चाललंय ते विचारलं की गप्प होतात, म्हणून मी आता आधी बाह्या वर करायला लावते आणि मग पुस्तक उघडते. पद्धत एकच आहे, एक हाड धरून ठेवायचं, दुसरं हलवायचं आणि नक्की कोण हलतंय ते शोधायचं. दुखणाऱ्या किंवा सुजलेल्या सांध्यावर हे करू नका आणि जोर कुठेच लावायचा नाही.

कोपर अजून संपलं नाही, कारण तिथे एक दुसरा सांधा लपलेला आहे. कोपर पोटाशी घट्ट चिकटवा, काटकोनात वाकवा, मुठीत पेन्सिल उभी धरा. आता तळहात आकाशाकडे, मग जमिनीकडे. कुलपात किल्ली फिरवतो तेच. पेन्सिल दोन्हीकडे साधारण 80-85 अंश झुकते. हे बिजागरीचं काम नाही, बिजागरी फक्त उघडते आणि मिटते. बाहेरच्या टोकाच्या किंचित खाली, मनगटाच्या दिशेने, एक खळगा आहे तिथे अंगठा ठेवून पुन्हा तळहात फिरवा, आत एक गोल हाड गरगर फिरताना लागेल. पुढच्या हातात दोन हाडं असतात आणि अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावर तिरकं पालथं पडतं म्हणून तळहात उलटतो. हा खुंटीसारखा फिरणारा सांधा.

त्या गोल डोक्याभोवती लिगामेंटचं, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्टीचं, एक कडं असतं, आणि अगदी लहान मुलांमध्ये ते अजून सैल असतं, त्यामुळे रस्ता ओलांडताना किंवा लाडाने झोका देताना मुलाला एका हाताने हिसका देऊन उचललं तर ते डोकं कड्यातून निसटू शकतं आणि मूल हात लोंबता ठेवून रडत बसतं. डॉक्टर ते पटकन बसवतात, पण घरी ओढाताण करू नका, आणि मुळात चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला हाताला धरून वर खेचूच नका, काखेत हात घालून उचला. हे प्रत्येक आजी-आजोबांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता आत काय असतं ते. हलणाऱ्या सांध्यात दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, भोवती बंद पिशवी, पिशवीच्या आतल्या अस्तरातून झिरपणारं वंगण, आणि बाहेरून बांधणारे लिगामेंट. निरोगी गुडघ्यातलं वंगण चमचाभरही भरत नाही. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, तिला अन्न मिळतं ते या वंगणातून, स्पंज दाबला-सोडला की पाणी आत-बाहेर होतं तसं, म्हणून हालचाल हेच तिचं जेवण. माझ्या मावशीचं मनगट मोडलं होतं, सहा आठवडे प्लास्टर, आणि काढल्यावर हाड जुळलेलं पण मनगट इतकं आखडलेलं की भाकरी थापता येईना, त्यासाठी पुढे दोन महिने व्यायाम करावा लागला. बोटं मोडताना जो कट् आवाज येतो तोही या वंगणातलाच, सांधा ताणला की दाब कमी होऊन आत वायूची पोकळी तयार होते, मग लगेच तेच बोट पुन्हा मोडत नाही, वीसेक मिनिटं जावी लागतात. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पन्नासेक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि 1998 मध्ये लिहिलं की दोन्हीपैकी कुठल्याच हातात संधिवात नाही. एकाच माणसाचा प्रयोग आहे, पण जिद्द बघा.

खांद्याला दुसरं माणूस लागेल. त्यांना तुमच्या खवाट्याच्या खालच्या टोकावर अंगठा ठेवायला सांगा आणि हात बाजूने वर न्या, थेट कानापर्यंत. खवाटा बाहेर आणि वर सरकताना त्यांना स्पष्ट लागेल. हात 180 अंश वर जातो त्यातले साधारण 120 अंश उखळीच्या सांध्याचे, म्हणजे हाडाचं गोल डोकं खोबणीत फिरतं त्या सांध्याचे, आणि 60 खवाट्याचे. आता त्यांना खवाटा दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हात उचला, मध्येच अडेल. नाव उखळी असलं तरी खांद्याची खोबण उखळाइतकी खोल नाही, बशीवर लिंबू ठेवल्यासारखी आहे, सगळा तोल भोवतीचे स्नायू सांभाळतात, त्यामुळे हात सगळीकडे फिरतो आणि निखळायचा धोकाही सगळ्यात जास्त इथेच.

खुब्याचा सांधाही उखळीचाच, पण तिथे खरी खोल वाटी आहे, कारण अख्खं अंग पेलायचंय. कुठे आहे विचारलं की बहुतेक जण कमरेच्या कडेला हात लावतात, पण सांधा जांघेत, खोलवर आहे. मांडीच्या बाजूला जे हाड लागतं ते मांडीच्या हाडाचं वरचं बाहेरचं टोक. पाठीवर झोपून गुडघा वाकवून पाय पोटाकडे घ्या, छान येतो. आता गुडघा सरळ ठेवून तोच पाय उचला, बराच आधी अडतो. सांधा तोच आहे, थांबवलं ते मांडीच्या मागच्या स्नायूंनी. ‘माझा सांधाच जाम आहे’ असं म्हणायच्या आधी हे करून बघा.

गुडघा. सगळे बिजागरी म्हणतात आणि बऱ्यापैकी खरंही आहे, पण खुर्चीत बसून गुडघा काटकोनात ठेवा, वाटीच्या खाली नडगीवर एक उंचवटा आहे त्यावर बोट ठेवा, टाच जमिनीवर टेकवून पाऊल आत-बाहेर वळवा. उंचवटा डावी-उजवीकडे जातो ना? म्हणजे वाकलेला गुडघा थोडा फिरतोही. आता पाय पूर्ण सरळ करून पाऊल वळवा, या वेळी वाटीसकट अख्खी मांडी फिरते, म्हणजे काम खुब्याने केलं. गुडघा पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगी जराशी बाहेर वळून कुलूप लागल्यासारखी बसते, म्हणून रांगेत तासभर उभं राहिलं तरी मांडीच्या स्नायूंना फार जोर लावावा लागत नाही. आणि म्हणूनच पाऊल जमिनीत रुतलेलं असताना अंग गर्रकन वळवलं, कबड्डीत होतं तसं, तर आतले लिगामेंट आणि कूर्चेच्या दोन चकत्या पिळवटतात.

मानेत दोन सांधे एकावर एक आहेत. ‘हो’ म्हणायला जी बारीक मान हलते ती कवटी आणि पहिल्या मणक्यातली. ‘नाही’ म्हणायला पहिला कडीसारखा मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो आणि मान जेवढी वळते त्यातलं जवळपास निम्मं वळण त्या एका ठिकाणी होतं.

अंगठ्याचं मूळ मनगटापाशी आहे, तिथे घोड्याच्या खोगिरासारखा सांधा असतो, पुढे-मागे आणि आडवा दोन्हीकडे हलणारा. चिकटपट्टीने अंगठा तळहाताला बांधून टाका आणि शर्टाचं बटण लावा, नाहीतर रांगोळीची चिमूट धरून बघा. पाच मिनिटांत कळतं. मनगटातली आठ छोटी हाडं एकमेकांवर जराजरा सरकतात, तो सरकता सांधा, बोटाने वेगळा काढणं अवघड आहे म्हणून इथे फार वेळ घालवू नका.

न हलणारे सांधे कवटीत असतात, नागमोडी शिवणींसारखे. बाळाच्या त्याच शिवणी अजून उघड्या असतात, आपण टाळू म्हणतो ती हीच जागा, पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. टाळूला तेल लावताना हात हलका ठेवा, दाबून काही ती लवकर भरत नाही. दात आणि जबड्याचं हाड यांची जोडही शास्त्रात सांधाच धरतात. उलट गळ्यात, हनुवटीच्या खाली, घोड्याच्या नालेच्या आकाराचं एक हाड आहे ज्याचा दुसऱ्या कुठल्याच हाडाशी सांधा नाही, स्नायूंवर आणि लिगामेंटवर टांगलेलं आहे.

राहिले किंचित हलणारे, म्हणजे मणक्यांमधल्या गादीसारख्या चकत्या, डिस्क. या बोटाने सापडणार नाहीत, पण मोजता येतात. उद्या सकाळी उठल्या उठल्या दाराच्या चौकटीला टेकून उभे राहा, डोक्यावर पुस्तक आडवं धरून पेन्सिलने खूण करा. रात्री झोपायच्या आधी तिथेच पुन्हा खूण करा. दिवसभर अंगाच्या वजनाने डिस्कमधलं थोडं पाणी बाहेर गेलेलं असतं, रात्रीची खूण सेंटीमीटरभर खाली येईल, आणि परवा सकाळी पुन्हा वर.