जुन्या एटीसीचा मागचा बेअरिंग कॅरिअर बदलताय? या चुका टाळा

एटीसीचं, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर चालवायच्या तीनचाकी मोटरसायकलचं, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवलं आणि खट्ट असा आवाज आला, चाकाबरोबर ब्रेकची डिस्क आणि स्प्रॉकेटही डुलू लागले, की बहुतेक जण लगेच नवा कॅरिअर, म्हणजे मागची बेअरिंग्ज ज्यात बसतात तो भाग, मागवतात. मीही तेच केलं होतं. माझ्या होंडा एटीसी २०० एक्सला नवा कॅरिअर आणि नवी बेअरिंग्ज बसवली, पण दोन-अडीच महिन्यांत तोच खडखडाट परत सुरू झाला. दोष अ‍ॅक्सलमध्ये होता आणि मी तो मोजलाच नव्हता.

या गाड्यांना डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नसतं. दोन्ही मागची चाकं एकाच सलग अ‍ॅक्सलवर असतात. तो अ‍ॅक्सल कॅरिअरमधल्या दोन बेअरिंग्जमधून आरपार जातो आणि कॅरिअर स्विंगआर्ममध्ये, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्यात, आवळलेला असतो. १९८८ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर अमेरिकेत अशा नव्या तीनचाकींची विक्री थांबली. म्हणजे आज हातात येणारी गाडी साधारण चाळीस वर्षांची, आणि मधल्या काळात तिचा मागचा भाग कुणी कसा खोलला असेल याचा काहीच भरवसा नाही.

अ‍ॅक्सल न मोजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बेअरिंग जाम झालं की त्याची आतली रेस (कडी) अ‍ॅक्सलवर फिरायला लागते आणि बसायची जागा खाऊन टाकते. अ‍ॅक्सल बाहेर काढून, पुसून त्या जागेवरून नख फिरवा. नख अडकलं तर तो अ‍ॅक्सल नव्या बेअरिंगलाही टिकू देणार नाही. नख अडकलं नाही तरी मायक्रोमीटरने तीन-चार ठिकाणी माप घ्या. पाच शतांश मिलिमीटरची झीजही माझ्या मते जास्त आहे. तिथे पंचने टोचे मारून बेअरिंग घट्ट बसवायचा जुगाड अजिबात करू नका. टोच्यांची टोकं थोड्याच दिवसांत दबतात आणि बेअरिंग पुन्हा सैल होतं. अ‍ॅक्सल वाकलाय का तेही व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) फिरवून बघा. बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) नसताना चाक डुलत असेल तर संशय आधी तिथेच घ्यायचा.

स्पेसर विसरणं

दोन बेअरिंग्जच्या मध्ये एक साधी नळी असते. जुन्या गाड्यांमध्ये ती कित्येकदा नसतेच, किंवा गंजून टोकाला आखूड झालेली असते. ही नळी नुसती जागा भरायला नसते. अ‍ॅक्सलचे नट आवळल्यावर सगळा दाब एका बेअरिंगच्या आतल्या रेसवरून नळीत आणि नळीतून दुसऱ्या रेसवर जायला हवा. नळी आखूड असेल तर आतल्या रेस एकमेकींकडे ओढल्या जातात, बाहेरच्या मात्र कॅरिअरच्या खांद्यावर अडकून राहतात आणि मधल्या गोट्या चेपतात. ओळखायची खूण सोपी आहे. नट सैल असताना अ‍ॅक्सल मोकळा फिरतो, आवळल्यावर जड होतो. असं झालं तर नट थोडे सैल ठेवून गाडी चालवू नका, सगळं परत खोला.

बसवताना पहिलं बेअरिंग खांद्यापर्यंत पूर्ण बसवा, मग स्पेसर, मग दुसरं बेअरिंग. ते आतली रेस स्पेसरला टेकेपर्यंतच. त्यापुढे ठोकलं तर नव्या बेअरिंगची वाट तिथेच लागते.

हातोड्याची घाई

अ‍ॅक्सल निघत नाही म्हणून टोकावर लोखंडी घण घातला की आटे गेलेच. नट उलटा फिरवून टोकाच्या पातळीला आणा, वर पितळी दांडा धरा आणि मग ठोका. त्याआधी दोन-तीन दिवस गंज सोडवणारं तेल मारत राहा. कॅरिअर अ‍ॅल्युमिनिअमचा आणि स्विंगआर्म लोखंडी असेल तर मध्ये पांढरी भुकटी जमून दोन्ही एकजीव होतात. आवळणीच्या फटीत पेचकस खुपसून ती फाकवू नका, कान तडकतो. ऊब द्या. फक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाजवळ ज्योत नेऊ नका. क्लोरिनवाल्या क्लीनरपासून विषारी वायू तयार होतो.

बेअरिंग बसवताना जोर बाहेरच्या रेसवरच पडायला हवा. मी बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतो आणि कॅरिअर ओव्हनमध्ये साधारण १०० अंशांपर्यंत तापवतो. पाण्याचा थेंब चरचरला की समजायचं. बेअरिंग जवळजवळ स्वतःच्या वजनानेच आत सरकतं.

मॉडेलच्या नावावर सुटे भाग घेणं

चाळीस वर्षांत कुणी कुठला अ‍ॅक्सल घातला असेल सांगता येत नाही. जुन्या बेअरिंगवरचा आकडा वाचा. ६००७ म्हणजे आतून ३५, बाहेरून ६२ आणि रुंदी १४ मिलिमीटर. शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की आतलं माप मिळतं. नवा स्वस्तातला कॅरिअर आला की आधी काहीही न तापवता, न गोठवता बेअरिंग त्यात बसवून बघा. ते हाताने आरामात आत गेलं तर कॅरिअर परत पाठवा.

ऑइल सीलच्या ओठाला ग्रीस लावायला विसरू नका, कोरडं सील पहिल्या चिखलातच फाटतं.

चेन आणि नट शेवटी उरकणं

काही मॉडेलांत कॅरिअर फिरवून चेन ताणतात, काहींत मागे सरकवून. कुठलीही पद्धत असो, कॅरिअर हलला की डिस्कची कॅलिपरमधली (ब्रेक पॅड धरणाऱ्या भागातली) जागा बदलू शकते, ती परत बघावी लागते. अ‍ॅक्सलला दोन नट असतील तर मॅन्युअलमधला क्रम आणि टॉर्क (आवळण्याचा जोर) दोन्ही पाळा. नुसता बाहेरचा चेकनट आवळून भागत नाही.

पहिल्या तासाभराच्या फेरीनंतर नट परत तपासा आणि कॅरिअरजवळ हात नेऊन बघा. तो जास्तच तापलेला असेल तर आधी ब्रेक चिकटतोय का ते बघा. ब्रेक मोकळा निघाला तर स्पेसर पुन्हा मोजायला घ्या.