केगेल आणि योगासनं: आवळण्याइतकंच सोडणंही महत्त्वाचं, या चुका टाळा

केगेल व्यायाम सहसा एका दमात सांगितला जातो: लघवी रोखल्यासारखे स्नायू आवळा, दहा मोजा, सोडा, जमेल तितक्या वेळा करा. यातलं ‘सोडा’ कुणी नीट समजावून सांगत नाही, आणि निम्मे घोळ तिथेच होतात. लैंगिक सुखासाठी हा व्यायाम करणाऱ्या बाईला घट्ट आवळता येण्याइतकीच पूर्ण सैल सोडता येण्याचीही गरज असते. संभोग सुरू होताना स्नायू सैल हवेत. उत्तेजनेत तिथला रक्तपुरवठा वाढायला हवा. परमोच्च सुखाच्या क्षणी हेच स्नायू साधारण ०.८ सेकंदाच्या अंतराने आपोआप आकुंचन पावतात आणि सुटतात. कायम ताणलेल्या स्नायूला ही आवळ-सोड नीट जमत नाही.

हे स्नायू म्हणजे ओटीपोटाचा तळ. ते पुढे जांघांच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत आणि दोन्ही बाजूंना बसायच्या हाडांपर्यंत पसरलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ते खालून आधार देतात. मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदद्वार त्यांच्यातूनच बाहेर येतात. म्हणून लघवी गळणं, अंग बाहेर येणं, मलावरोध आणि संभोगातलं दुखणं या तक्रारी बऱ्याचदा एकाच बाईत जोडीने दिसतात.

आपले स्नायू सैल आहेत की ताणलेले, हे न पाहताच सुरुवात

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. शिंकताना लघवीचे थेंब येणं, योनिमार्गात हवा जाऊन आवाज होणं, आत काही असल्याची जाणीव बोथट होणं, खाली जड वाटणं ही बहुधा कमजोरीची लक्षणं असतात. संभोगाच्या सुरुवातीला जळजळ किंवा भिंत लागल्यासारखं वाटणं, टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप आत न जाणं, डॉक्टरांच्या तपासणीत मांड्या आपोआप मिटणं, लघवीची धार अडखळत सुरू होणं, माकडहाडाभोवती ठणका ही ताणलेल्या स्नायूंची लक्षणं असू शकतात. दुसऱ्या गटातल्या बाईने केगेलचा धडाका लावला तर दुखणं वाढतं. सतत मिटलेली मूठ आणखी आवळून हातात ताकद येत नाही, तसंच हे. तिने पहिले काही आठवडे फक्त श्वास आणि सैल सोडणं शिकावं. ताणलेला स्नायू दमल्यामुळे कमजोरही असू शकतो, म्हणजे एकाच बाईत लघवीही गळते आणि संभोगही दुखतो. तिथेही आधी सोडणं, मग आवळणं हाच क्रम.

हा ताण येतो कुठून? भीती आणि आधीच्या दुखऱ्या अनुभवांतून तर येतोच, पण रोजच्या सवयींतूनही येतो. बाहेर स्वच्छतागृह नाही म्हणून प्रवासात आणि कामावर तासन्‌तास लघवी रोखून धरणं, दिवसभर पोट आत ओढून बसणं, परकराची नाडी करकचून बांधणं, या सगळ्यात पोटाने श्वास घ्यायला वावच राहत नाही. सरावाच्या आधी नाडी सैल करा, हे सुचवायला क्षुल्लक वाटतं; करून पाहिलं की फरक कळतो.

भलताच स्नायू आवळणं

अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या व्यायामावर लेख लिहिला, तेव्हा नुसतं तोंडी सांगून ते थांबले नव्हते. आकुंचन नीट होतंय का हे बाईला स्वतःला दिसावं म्हणून ते योनिमार्गात ठेवायचं दाब मोजणारं उपकरण वापरत. पुढे व्यायाम राहिला, पडताळणी गळाली. १९९१ साली अमेरिकेत ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन तपासलं, तेव्हा जेमतेम निम्म्यांना आकुंचन नीट जमलं. जवळपास चौथा हिस्सा स्त्रियांची पद्धत उलट लघवी गळायला हातभार लावेल अशी होती. म्हणजे आत उचलण्याऐवजी त्या खाली जोर करत होत्या.

पडताळणी घरी करता येते. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पावलं कमरेइतक्या अंतरावर ठेवा आणि हातात छोटा आरसा घ्या. आधी वायू सरू नये म्हणून धरतो तसं मागून आवळा, तीच ओढ पुढे मूत्रद्वारापर्यंत आणा आणि आत-वर उचला. योनिमार्ग आणि गुदद्वार यांच्यामधली जागा आत जाताना आणि क्लिटोरिस (मूत्रद्वाराच्या वरचा संवेदनशील उंचवटा) किंचित खाली झुकताना दिसलं, तर बरोबर. ती जागा बाहेर फुगली, तर तुम्ही कुंथत आहात, तिथेच थांबा. आरसा नको असेल तर हात स्वच्छ धुऊन एक बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत घाला. बोटाला सगळीकडून मिठी बसून ते आत ओढलं गेलं पाहिजे, बाहेर ढकललं जाता कामा नये. तेही नको असेल तर टॉवेलची घट्ट गुंडाळी करून कडक खुर्चीवर पुढून मागे अशी आडवी ठेवा आणि घोड्यावर बसतो तशा तिच्यावर बसा. आवळल्यावर मधला भाग गुंडाळीवरून हलका झाल्यासारखा वाटतो, सोडल्यावर परत टेकतो.

नितंब दगडासारखे झाले, मांड्या जवळ आल्या, पोट वर फुगलं किंवा जबडा आवळला गेला, की काम दुसरेच स्नायू करत आहेत. नितंबावर एक हात ठेवून सराव केला की चोरी लगेच सापडते.

लघवी करताना धार मध्येच थांबवणं हा व्यायाम नाही. स्नायू कुठले ते ओळखायला एखादवेळी ठीक आहे. रोज केलं तर मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागते आणि संसर्गाला वाट मिळते. ‘बाहेर पडायचंय, जाऊन घे’ म्हणून लागलेली नसतानाही सारखं जाणं हीसुद्धा चांगली सवय नव्हे. थोड्याशा लघवीलाही घाई होऊ लागते.

श्वास आणि मात्रा

श्वास आत घेताना छातीखालचा पडदा खाली येतो आणि त्याबरोबर ओटीपोटाचा तळही थोडा खाली उतरतो. श्वास सोडताना दोन्ही वर येतात. म्हणून आवळायचं ते श्वास सोडताना. उलटं केलं किंवा श्वास कोंडला, तर वरून दाब आणि खालून ओढ अशी झटापट होते. धरून ठेवताना मोठ्याने मोजा: बोलता येतंय म्हणजे श्वास चालू आहे.

मात्रेचा एक सोपा आधार आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एका वेळी किमान ८ आकुंचनं, दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने असं सांगितलं आहे. ती मात्रा लघवी गळण्याच्या तक्रारीसाठी आहे, पण ताकद वाढवायला तीच पुरते. सुरुवात २-३ सेकंदांपासून करा आणि हळूहळू १० सेकंदांवर न्या. प्रत्येक आकुंचनानंतर धरलं त्याच्या दुप्पट वेळ सोडून राहा. त्यानंतर १० झटपट आकुंचनं, एक सेकंद आवळून पूर्ण सोडायची. या स्नायूंत रेंगाळत काम करणारे आणि झटक्यात काम करणारे असे दोन्ही प्रकारचे तंतू असतात, म्हणून दोन्ही हवं. पाचव्या वेळी नितंब मदतीला येऊ लागले तर तुमचा आकडा आज चार आहे. चारवर थांबा. शंभरचा हट्ट करणाऱ्या बायकांचा शेवटी नितंबांचाच व्यायाम होतो.

सोडलंय हे कळणार कसं? लघवी सुरू होण्याच्या क्षणी जे मोकळं होतं, तीच जाणीव आणायची, कुंथायचं मात्र नाही. पोट मऊ, जबडा सैल, बसायची हाडं एकमेकांपासून किंचित दूर गेल्यासारखी. ही जाणीव येत नाही तोवर पुढचं आकुंचन सुरू करू नका.

आसनांत होणाऱ्या चुका

योगवर्गात मूलबंध आणि अश्विनी मुद्रा एकाच श्वासात सांगितल्या जातात आणि बायका दोन्हीकडे फक्त गुदद्वार आवळतात. अश्विनीत भर मागच्या स्नायूंवरच असतो. मूलबंधात योनिमार्गाभोवतीची, आतली, वरची ओढ हवी. पारंपरिक मूलबंध कुंभकासह, म्हणजे श्वास रोखून, करतात; रक्तदाब असलेल्या आणि गर्भवती स्त्रियांनी श्वास कोंडू नये. बाकीच्यांनीही आधी श्वासाबरोबरची साधी आवळ-सोड पक्की करावी. आणि दिवसभर मूलबंध धरून वावरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ताणलेल्या स्नायूंची भर अशानेच पडते.

सेतुबंधासनात घाईने कंबर वर फेकली की सगळं काम नितंब आणि मांडीमागचे स्नायू करतात. क्रम असा ठेवा: श्वास घ्या, सोडता सोडता आधी तळ उचला, मग मणका एकेक करून वर आणा. वर ३ श्वास थांबा. खाली येताना आवळणं पूर्ण सोडा आणि जमिनीवर एक मोकळा श्वास घेऊन मगच पुन्हा वर जा. ५ ते ६ वेळा पुरे.

सुप्त बद्धकोणासन (उताणं झोपून तळवे जुळवणं आणि गुडघे बाजूंना सोडणं) सैल सोडण्यासाठी उत्तम, पण गुडघे अधांतरी लोंबत ठेवले तर जांघ ओढली जाते आणि तळ बचावासाठी आवळतो. म्हणजे जे हवं त्याच्या नेमकं उलट. दोन्ही मांड्यांखाली उशा किंवा लोड ठेवा, एक हात ओटीपोटावर ठेवा आणि ५ मिनिटं नुसता श्वास पाहा. बालासनात (टाचांवर बसून पुढे वाकणं) गुडघे रुंद ठेवून पोटाखाली उशी घेतली की श्वास पाठीत आणि खाली तळापर्यंत जाणवतो. ज्यांना आवळणं कळतं पण सोडणं कळत नाही त्यांनी सुरुवात इथून करावी. आनंद बालासनात (उताणं झोपून पावलं हातांनी धरणं) पाय छातीकडे खेचण्याच्या नादात माकडहाड जमिनीवरून उचललं जातं. पावलं धरता येत नसतील तर पोटऱ्या धरा, पण पाठ टेकलेली राहू द्या.

मालासनात, म्हणजे उकिडवं बसताना, टाचा उचलल्या जात असतील तर तोल सावरायला सगळं शरीर आवळून धरतं. टाचांखाली घडी घातलेलं घोंगडं सरकवा. अंग बाहेर येत असेल तर मात्र या आसनात रेंगाळू नका. अशा स्त्रियांनी जोराची कपालभाती, नौली (पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया) आणि श्वास कोंडून वजन उचलणंही टाळावं. पोटातला दाब खालीच जातो.

योगाचा लैंगिक सुखावर परिणाम होतो का? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या एका अभ्यासात २२ ते ५५ वयाच्या ४० स्त्रियांनी १२ आठवडे योगासनं केल्यावर इच्छा, ओलावा, परमोच्च सुख, वेदना अशा सगळ्याच बाबतींत सुधारणा नोंदवली. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यातला किती वाटा आसनांचा आणि किती नियमित विसाव्याचा हे वेगळं काढता येत नाही. म्हणून अमुक आसनाने अमुक सुख अशी जाहिरात दिसली की सावध व्हा.

प्रत्यक्ष संबंधात

नवऱ्याला घट्ट वाटावं म्हणून सुरुवातीपासून आवळून राहणं ही सर्रास चूक. त्याने घर्षण आणि दुखणं वाढतं, स्वतःची जाणीव कमी होते. आत घेताना लांब श्वास सोडा आणि खालचा भाग मोकळा करा. उत्तेजना पुरेशी झाल्यावर, स्वतःला बरं वाटेल तसं हलकं आवळा-सोडा.

कोरडेपणा केगेलने जात नाही. स्तनपानाच्या काळात आणि पाळी जाण्याच्या वयात इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे योनिमार्ग कोरडा आणि नाजूक होतो. तिथे वंगण लागतं, कधी डॉक्टरांनी दिलेलं इस्ट्रोजेनचं मलम लागतं. खोबरेल तेल कंडोमसोबत वापरू नका, लॅटेक्स तेलाने फाटतो. तुरटीच्या पाण्याने ‘घट्टपणा’ आणण्याचा जुना उपाय आणि त्याच धर्तीची बाजारू मलमं त्वचेला कोरडं करतात आणि तिथे जळजळ आणतात, स्नायूला त्यांचा स्पर्शही होत नाही. योनिमार्गात ठेवायच्या दगडी अंड्यांचंही तसंच: दगडाच्या बारीक छिद्रांत जंतू राहतात, आणि ती पडू नयेत म्हणून सतत आवळून धरलं की ताण वाढतो.

बाळंतपण आणि मलावरोध

नॉर्मल बाळंतपणानंतर लघवी नीट होऊ लागली आणि टाके फार दुखत नसले की हलकी आवळ-सोड काही दिवसांतच सुरू करता येते. सिझेरियननंतर कॅथेटर निघाल्यावर. सिझेरियन झालं म्हणून तळ शाबूत राहिला असं समजू नका, नऊ महिन्यांचं ओझं त्याने पेललेलंच असतं. गुदद्वारापर्यंत चीर गेली असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

रोज कुंथणाऱ्या बाईचा केगेल पाण्यात जातो. कमोडवर बसताना पायांखाली पाट घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात, पुढे वाका आणि तोंड किंचित उघडं ठेवून श्वास सोडा.

१२ आठवडे नीट करूनही फरक नसेल, किंवा सरावाने दुखणं वाढत असेल, तर महिला आरोग्य या विषयात काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, लघवीला आग, दुर्गंधीचा स्राव, पाळीत असह्य वेदना यांपैकी काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. तिथे ‘खाली दुखतं’ एवढंच सांगून भागत नाही. दुखणं सुरुवातीला की आत खोलवर, संबंधाच्या वेळी की नंतर, आग की ठणका, कधीपासून, हे लिहून न्या. आणि आतून तपासणी नको वाटत असेल तर खुर्चीवरून उठण्याआधी तसं स्पष्ट सांगा. नुसतं बोलणं आणि बाहेरून पाहणं एवढ्यावरही पहिली भेट होऊ शकते.