मिग-१५ चं मॉडेल: चंदेरी रंग नीट बसवायचा असेल तर

मिग-१५ चं, म्हणजे कोरियन युद्धात लढलेल्या सोव्हिएत लढाऊ जेटचं, प्लास्टिक मॉडेल करायला घेतलं की एक सल्ला हमखास मिळतो: काळ्या चकचकीत रंगावर क्रोम मारा, आरशासारखं चमकेल. कृपा करून हे करू नका. खरं मिग-१५ आरशासारखं चमकतच नव्हतं. उघड्या ॲल्युमिनियमवर पारदर्शक वॉर्निश मारून ही विमानं कारखान्यातून बाहेर पडायची. त्यामुळे त्यांचा चंदेरी रंग मऊ आणि जरा मंद दिसायचा. मॉडेलवर तोच आणायचा आहे आणि या कामात सगळ्यात जास्त वेळ त्यालाच द्यायचा आहे.

किट कुठलं घ्यावं? पहिलंच जेट असेल तर १/४८ प्रमाणाचं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं. विमानाची रुंदी मुळात सुमारे १० मीटर, म्हणजे मॉडेल २१ सेंटिमीटरचं होतं आणि हाताला सोपं जातं. बारकावे हवे असतील आणि हात बसलेला असेल तर एडुआर्ड कंपनीचं १/७२ घ्या. घेण्याआधी साधं मिग-१५ की त्याचं सुधारित रूप मिग-१५ बिस, हे नक्की करा. पहिल्याला आरडी-४५ इंजिन होतं, बिसला जास्त ताकदीचं व्हीके-१. बाहेरून ओळखायचं तर मागचे एअरब्रेक (वेग कमी करणाऱ्या झडपा) पाहा, बिसचे मोठे आहेत. सुरुवातीच्या विमानांचा लँडिंग लाइट नाकातल्या मधल्या पडद्यात होता, नंतरच्या बिसवर तो पंखाखाली गेला. एकाचं किट आणि दुसऱ्याची डेकल्स (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं) अशी खिचडी जाणकाराला लगेच कळते.

कॉकपिट आणि नाकातलं वजन

आपल्याकडे मिग म्हटलं की डोळ्यांपुढे मिग-२१ येतं, कारण ते ओझरला बनलं आणि पिढ्यान् पिढ्या आपल्या आकाशात उडालं. त्याच्या कॉकपिटचा निळसर-हिरवा रंग इथे आणू नका. मिग-१५ चं कॉकपिट करडं. पॅनेल काळं आणि त्याच्या मधोमध एक उभी पांढरी पट्टी. विमान गिरकीत सापडलं तर वैमानिकाने स्टिक त्या पट्टीच्या रेषेत आणायची, यासाठी ती होती. अगदी बारीक ब्रशने ती काढा. झाकण उघडं ठेवलंत तर नजर पहिली तिथेच जाते.

मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून नाकात वजन लागतं आणि हे नाक म्हणजे नुसतं भोक. हवेचा मार्ग कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी मागे जातो, त्यामुळे समोर काही भरता येत नाही. मासेमारीच्या गळाचं शिसं ठोकून चपटं करा आणि कॉकपिटच्या तळाखाली, नळी व धड यांच्यामधल्या फटीत, नाकाच्या चाकाच्या खोबणीभोवती चिकटवा. धड टेपने जोडून मुख्य चाकांच्या जागी दोन बोटांवर तोलून पाहा. नाक नुसतं खाली झुकलं की थांबू नका, आणखी थोडं शिसं घाला. शेपटीचे भाग आणि रंग यायचे बाकी आहेत.

धड, पंख, शेपटी जोडणं सरळ आहे. फक्त पंख किंचित खाली झुकलेले आहेत याकडे लक्ष द्या. सरळ किंवा वर उचललेले बसले तर विमानाचा सगळा डौल जातो.

सांधे

इथून खरं काम सुरू होतं. हिरव्या-करड्या कॅमोफ्लाजखाली जे दडतं, ते चंदेरी रंगाखाली दुप्पट होऊन दिसतं. मला या टप्प्याने फार छळलं. त्यातून पक्कं झालेलं मत असं की चंदेरी विमानावर पुट्टी वापरायचीच नाही. पुट्टी आठवडाभराने आकसते आणि तिची कड रंगातून वर येते. सांध्यात सुपर ग्लू भरा आणि तासाभरात घासून घ्या. रात्रभर ठेवलात तर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो. मग त्याच्या दोन्ही बाजूंचं प्लास्टिक झिजतं आणि मधे उंचवटा उरतो.

घासताना पाणी वापरा. ६०० नंबरपासून सुरू करून १०००, १५००, २००० असं चढत जा. मधला एकही कागद गाळायचा नाही, कारण ६०० चा ओरखडा २००० ने जात नाही. धडाचा गोलपणा सांभाळा. सोव्हिएत संघाने १९४६ मध्ये ब्रिटनकडून रोल्स-रॉइसची नीन इंजिनं घेतली, आरडी-४५ त्यांचीच नक्कल. सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसरमुळे हे इंजिन रुंद, म्हणून धड पिंपासारखं गोल. कागद बोटाने दाबून घासलात तर पाठीवर सपाट पट्टा पडतो. जुन्या स्पंजाच्या तुकड्याभोवती कागद गुंडाळा.

मग फक्त सांध्यांवर चंदेरीचा पातळ हात मारा आणि खोली अंधारी करून टेबललॅम्प मॉडेलच्या बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर धरा. उजेड तिरका पडला की नाकाच्या कड्याजवळची केसाएवढी रेष, पंखाच्या मुळाशी राहिलेला खड्डा, सगळं उठून दिसतं. पुन्हा भरा, पुन्हा घासा, पुन्हा पाहा. बुजलेल्या पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांमधल्या रेषा, याच वेळी स्क्राइबरने (कोरायच्या टोकदार हत्याराने) कोरून घ्या.

चंदेरी रंग

मी तामिया कंपनीचा एएस-१२ हा स्प्रेच्या डब्यातला चंदेरी रंग वापरते. याला काळा पाया लागत नाही, गुळगुळीत प्रायमर पुरतो. डब्यातून थेट मारू नका, जाड बसतो. काचेच्या बाटलीत काढा, झाकण सैल ठेवून त्यातला वायू रात्रभर निघू द्या, मग एअरब्रशने मारा. वायू निघायच्या आत झाकण घट्ट केलंत तर बाटली फसफसून अंगावर येते. खिडकी उघडी हवी, सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क हवा, जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको.

दाब १२ ते १५ पीएसआय, अंतर पाच-सात सेंटिमीटर. पहिला हात इतका पातळ की प्रायमर अजून दिसतोय. रंग नुसता झाकला गेला की थांबा. त्यानंतरचा प्रत्येक हात दाणा जाड करतो आणि रिव्हेट बुजवतो. इथून पुढे नायट्रिल हातमोज्यांशिवाय मॉडेलला हात लावायचा नाही. बोटाचा तेलकट ठसा आज दिसत नाही, वॉर्निशखाली कायमचा दिसतो.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे काम काढूच नका. हा लॅकर प्रकारचा रंग सुकताना हवेतला ओलावा पृष्ठभागावर बसतो आणि रंग दुधाळ होतो. चंदेरी काम मी हिवाळ्यासाठी राखून ठेवते. अगदीच नड असेल तर हळू सुकणारं लेव्हलिंग थिनर घाला आणि कोरडा दिवस बघा.

एक दिवस सुकू द्या. मग चार-पाच पॅनेल वेगळ्या छटेची करा, जास्त नाही. प्रत्येक पत्रा वेगळ्या रंगाचा करायची जी टूम आहे, तिने विमान गोधडी होतं. पंखाच्या मागे धडाचा एक आडवा सांधा आहे. इंजिन काढायला शेपटीकडचा सगळा भाग तिथून सुटायचा. त्याच्या मागचा भाग अल्क्लॅड या धातूसारख्या रंगांच्या थोड्या गडद छटेने किंचित वेगळा करा, हा फरक खरा वाटतो. मास्किंग टेप लावण्याआधी तळहातावर दोन-तीनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा आणि काढताना स्वतःवर दुमडून हळू ओढा.

शेवटी संपूर्ण विमानावर सेमी-ग्लॉस क्लिअर मारा. वॉर्निशने चंदेरी मरतो म्हणून लोक घाबरतात. इथे तो थोडा मरायलाच हवा, खऱ्या पत्र्यावरही वॉर्निशच होतं.

उरलेलं

डेकल्स क्लिअरवर लावा. डेकल मऊ करणारं सॉफ्टनर आधी पंखाखाली आजमावा. कोरियन युद्धातल्या सोव्हिएत विमानांवर उत्तर कोरियाची चिन्हं असत. सोव्हिएत वैमानिक एवगेनी पेपेल्यायेव यांचं लाल ३२५ क्रमांकाचं विमान करायला मला सर्वात आवडतं. वॉश, म्हणजे रेषांत उतरवायचा पातळ रंग, गडद करडा, काळा नको. नाकाखाली उजवीकडे ३७ मिलिमीटरची एक तोफ, डावीकडे २३ च्या दोन. धुराचे डाग तिघींच्या तोंडापाशी द्या, पण उजवीकडे थोडे जास्त. चाकांच्या तबकड्या हिरव्या.

पंखावरची पिटो नळी (वेग मोजण्यासाठीची) आणि अँटेनाची तार सगळ्यात शेवटी. तार कॉकपिटमागच्या खांबापासून शेपटीच्या टोकापर्यंत जाते. तिच्यासाठी मॉडेलवाले वापरतात तो बारीक लवचिक धागा घ्या, नायलॉन नको. आधी शेपटीकडे चिकटवा, पूर्ण सुकू द्या, मगच खांबाकडे ताणा.