पुण्याहून गाडीने व्हिस्कीची डिस्टिलरी बघायला कसं जावं

नाशिकच्या वायनऱ्यांना सरावलेल्या पुणेकराने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. व्हिस्कीची डिस्टिलरी हा कारखाना असतो. समोर द्राक्षमळा नसतो, पत्ता बहुतेक वेळा औद्योगिक वसाहतीतला असतो. नुसती प्यायचीच असेल तर त्यासाठी एवढं डिझेल जाळायची गरज नाही, कोथरूडातही मिळते. ती कशी बनते हे बघायचं कुतूहल असेल, तर पुढचं वाचा.

१. ठिकाण ठरवा

पुण्याहून गाडीने जाण्याजोगी सिंगल माल्टची (म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीची) दोन नावाजलेली ठिकाणं. एक गोव्यात कुंकळ्ळीला, मडगावच्या दक्षिणेला: पॉल जॉनची डिस्टिलरी. दुसरी बेंगळुरूजवळ म्हैसूर रस्त्यावर कंबीपुऱ्याला: अमृत. अमृत कंपनी राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये काढली आणि तिची सिंगल माल्ट २००४ मध्ये आधी ग्लासगोत विकायला आली, म्हणजे थेट स्कॉटलंडच्या अंगणात. पॉल जॉनची सिंगल माल्ट २०१२ मध्ये पहिल्यांदा ब्रिटनमध्येच बाजारात आली.

जोडून सुट्टी तीन दिवसांची असेल तर गोवाच करा. बेंगळुरू सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटर, तिकडे आठवडा हाताशी असेल तरच वळा. दोन्ही एका दमात उरकणाऱ्याला फक्त टोलनाके लक्षात राहतात.

२. फोन करा, मगच हॉटेल घ्या

आयत्या वेळी दारात जाऊन उभं राहू नका. आधी वेळ ठरवावी लागते. फोनवर तीन गोष्टी विचारा: टूर कोणत्या वारी असते, त्या दिवशी भट्टी चालू असेल का, आणि टेस्टिंग टूरमध्येच धरलंय की वेगळं. दुरुस्तीसाठी उत्पादन बंद असेल तर तुम्हाला तांब्याच्या थंड भट्ट्या दाखवून परत पाठवतील. ड्राय डेही बघा. २ ऑक्टोबर, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी या सुट्ट्या सोयीच्या वाटतात आणि नेमक्या त्याच आड येतात. वयाचा पुरावा जवळ ठेवा: गोव्यात मर्यादा २१ वर्षांची आहे, महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी २५. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना कोण सांभाळणार, हे पुण्यातच ठरवा.

३. रस्ता

सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी. तिथून आजरा-आंबोली-सावंतवाडीमार्गे उत्तर गोवा, किंवा बेळगाव-खानापूर-अनमोडमार्गे मोले आणि मग दक्षिण गोवा. कुंकळ्ळीसाठी दुसरा मार्ग सरळ पडतो, पण घाटाची अवस्था बेळगावात विचारून घ्या. पावसाळ्यात आंबोलीत धुकं आणि शनिवार-रविवारची धबधब्याची गर्दी दोन्ही असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

कराड-कोल्हापूर पट्ट्यात दोन्हीकडे ऊस दिसेल, तो नुसता बघत जाऊ नका. कारखान्यात साखर काढून झाल्यावर मळी उरते, तिच्यापासून अल्कोहोल बनतं, आणि आपल्याकडची स्वस्त ‘व्हिस्की’ बव्हंशी त्याच अल्कोहोलवर उभी असते. युरोपात अशा मालाला व्हिस्की म्हणून विकायला परवानगी नाही, तिथे ती धान्यापासूनच झाली पाहिजे. सिंगल माल्ट म्हणजे फक्त मोड आणलेल्या बार्लीची, एकाच डिस्टिलरीतली. एवढा फरक डोक्यात घेऊन गेलात तर तिथला गाइड काय सांगतोय ते नीट कळेल.

४. गाडी कोण चालवणार?

यावर तडजोड नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कॉफीने, लिंबूपाण्याने, आंघोळीने काही उतरत नाही; यकृत आपल्याच गतीने काम करतं. त्यामुळे मुक्काम मडगावला करा, आपली गाडी हॉटेलवर ठेवा आणि डिस्टिलरीला टॅक्सीने जा. ‘मी फक्त वास घेतो’ म्हणणाऱ्या मित्राच्या हाती किल्ली देऊ नका.

५. आत काय बघायचं

बंद बूट घाला. अत्तर, डिओ लावू नका. तुमचंच नाक फसेल आणि शेजारच्याचंही. भट्टीजवळ अल्कोहोलची वाफ असते, त्यामुळे फोन खिशात ठेवायला सांगतील. वाद घालू नका.

दळलेली बार्ली साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्यात घोळली की तिच्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी यीस्ट घालून दोन-तीन दिवस आंबवतात. या टाक्यांजवळ इडलीच्या फुगलेल्या पिठासारखा आंबूस वास येतो. टाकीत डोकं घालून हुंगू नका, वर कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो आणि नाकात झणका बसतो. आंबलेल्या द्रवात अल्कोहोल बिअरइतपतच, सात-नऊ टक्के.

मग तांब्याच्या भट्ट्या. इथे घाई करू नका, सगळी करामत इथेच आहे. तांबं दिसायला देखणं आहेच, पण ते गंधकाचे उग्र वास पकडून ठेवतं, म्हणून वापरतात. दोनदा ऊर्ध्वपातन होतं, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करतात. दुसऱ्या वेळी सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बाजूला काढून मधलाच पिंपात भरतात. ‘मधला भाग कुठे सुरू झाला हे कसं ठरवता?’ असं विचारा. या प्रश्नावर गाइड खुलतो. ताजं पाण्यासारखं पारदर्शक स्पिरिट हुंगायला मिळालं तर सोडू नका. मग कळतं की माल्टचा सोनेरी रंग पुढे ओकच्या पिंपातून येतो.

पिंपांच्या कोठारात हवामानाचा हिशेब समजतो. स्कॉटलंडमध्ये दर वर्षी पिंपातली साधारण २ टक्के दारू उडून जाते. गोव्याच्या उष्णतेत सुमारे ८, बेंगळुरूत १० ते १२ टक्के. मालकाचं नुकसान होतं, पण लाकडाशी व्यवहारही तेवढ्याच वेगाने होतो. म्हणून आपल्याकडची पाच-सहा वर्षांची माल्ट कच्ची लागत नाही, आणि बाटलीवर वर्षांचा आकडा नसला तर नाक मुरडण्याचं कारण नाही. पीटच्या (दलदलीतल्या, जळण म्हणून वापरतात त्या मातीच्या) धुराची चव असलेल्या पॉल जॉनसाठी तो पीट मात्र स्कॉटलंडहून येतो.

६. टेस्टिंग

पोटभर जेवून जा, पण तांबडा रस्सा आदल्या दिवशीच कोल्हापुरात उरकून घ्या. तिखटाने जीभ बधिर असेल तर सगळे ग्लास सारखेच लागतात. आधी तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, मग छोटा घोट. दुसऱ्या घोटाआधी दोन-चार थेंब पाणी घाला आणि बदल बघा. बर्फ आणि सोडा मागू नका. धुराची चव असलेली शेवटी घ्या. घोट थुंकायला भांडं मागण्यात काही कमीपणा नाही.

७. बाटल्यांचं काय?

गोव्यात स्वस्त मिळते म्हणून डिकी भरू नका. फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. बांद्याजवळ इन्सुली आणि वर आंबोली, दोन्हीकडे उत्पादन शुल्क विभागाची तपासणी असते. माल जातोच, गाडीही जप्त होऊ शकते. दुकानदाराने दिलेला कागद हद्दीपलीकडे चालेल असं गृहीत धरू नका. आवडलेल्या माल्टचं नाव फोनमध्ये लिहून ठेवा आणि पुण्यातल्या दुकानात महाराष्ट्राचा कर भरून ती घ्या. तिथे पिण्याचा परवाना लागतो, तोही काढून ठेवा.