जुनी १.३ डिझेल घेताय? आधी चेन ऐका

जुनी स्विफ्ट किंवा डिझायर डिझेल बघायची तर सकाळी, थंड इंजिनावरच. मालकाला आदल्या दिवशीच बजावून ठेवा, मी येईपर्यंत चावी फिरवू नका. फियाटच्या या १२४८ सीसी इंजिनात बेल्ट नाही, टायमिंग चेन आहे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारी साखळी. ऑइल वेळेवर बदललं नाही किंवा पातळी खाली गेली की चेन ताणते, तिला घट्ट धरणारा टेन्शनर ढिला पडतो. बॉनेट उघडून कान द्या. स्टार्ट केल्यावर खळखळ सुरू झाली आणि थांबतच नसेल, तर भाव करत बसू नका, सरळ निघा. चेन उडाली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचं सगळं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवावं लागतं.

मग गाडी नागपूरच्या वर्धा रोडला काढा. ७५ पीएस, १९० एनएम टॉर्क २००० आरपीएमला. त्याखाली ती सुस्तच असते, ते दुखणं नव्हे. पण तिसऱ्या गियरमध्ये २००० च्या पुढे ओढ लागलीच पाहिजे. ओढ नाही आणि मागे काळा धूर, तर टर्बोचा होज (हवेचा पाइप) फाटलाय का बघा, नाहीतर ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, काजळीने चोंदला असेल. सीताबर्डीच्या गर्दीतच फिरलेल्या गाडीत हे फार दिसतं. ईजीआर साफ होतो, त्यापायी चांगली गाडी सोडू नका.

मे महिन्यात जात असाल तर एसी लावून थोडा वेळ उभी ठेवा. रेडिएटरचा पंखा लागलाच पाहिजे.